वल्ह्याचं कडं

१९५७ साल. मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो आणि रत्नागिरीच्या बंदरावर पडावात वल्हं मारत होतो. पडाव म्हणजे काय ते आजच्या पोरांना सांगावं लागतं. मुंबईची आगबोट किनाऱ्याला लागत नसे. तिच्या बुडाला खोल पाणी लागतं, म्हणून ती लांब दर्यात नांगर टाकून उभी राहायची आणि भोंगा द्यायची. मग आम्ही आमची मोठी उघडी होडी, म्हणजे पडाव, घेऊन तिच्या कुशीला जायचो. बोटीच्या दारातून माणसं खाली सोडायची, ट्रंका, आंब्याच्या रिकाम्या पेट्या, पाळण्यातली पोरं, सगळं आम्ही वरच्या वर झेलायचो. ओहोटी असली की पडावसुद्धा वाळूपर्यंत येत नसे. मग पाठंगुळीला माणसं घेऊन गुडघाभर पाण्यातून आणून ठेवायची. मुंबईचा मोठा साहेब असो नाहीतर गिरणीतला बदलीवाला असो, रत्नागिरीत पाऊल टाकायचा तो आमच्या पाठीवरून उतरून. हा आमचा मान होता, आणि तो आम्ही मिरवत होतो.

शाळा मी दुसरीत सोडली. मास्तरांनी छडी मारली, मी छडी मोडली, तिथं संपलं. पण पडावातली जागा मी मिळवली ती कुणाच्या वशिल्यानं नाही.

जागेची गोष्ट नीट सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. पडावाच्या काठावर लाकडाच्या खुंट्या असतात. वल्हं त्या खुंटीला धरून राहावं म्हणून काथ्याचं एक कडं असतं, बांगडीसारखं, पण मनगटाएवढं जाड. ते ज्याचं त्याचं. बापानं नाहीतर मोठ्या भावानं ते वळून द्यायचं, हाताच्या मापानं, वल्ह्याच्या मापानं. एकदा तुमचं कडं खुंटीवर चढलं की ती जागा तुमची. आणि एखादा कामावर आला नाही, तर किनाऱ्यावर वाट बघत बसलेल्यांपैकी एकाला तांडेल, म्हणजे सुकाणू धरणारा पडावाचा म्होरक्या, बोलवायचा, त्याच्या हातात सुरी द्यायचा, आणि तो जुनं कडं कापून आपलं चढवायचा. कडं कापलं की जागा गेली. भांडण नाही, पंचायत नाही. आमच्या आजोबांच्या आधीपासून हा रिवाज. दर्यावर माणूस भरवशाचा पाहिजे, असं त्यामागचं म्हणणं. त्यात वाईट काही आहे असं आमच्यापैकी कुणाला कधी वाटलं नव्हतं. निरोगी माणसाला कशाला वाटेल?

माझा थोरला भाऊ, ज्याला मी दादा म्हणायचो, तो डाव्या अंगाला पहिल्या वल्ह्यावर बसायचा. ती आमच्या बापाची जागा. बापानं मरायच्या आधी दादासाठी कडं वळलं, आणि उरलेल्या काथ्यातून माझं. मी दादाच्या मागं, दुसऱ्या वल्ह्यावर. त्याची पाठ बघत मी वल्हं मारायला शिकलो. त्याच्या उजव्या खांद्यावर एक तीळ होता. तो खाली गेला की मी ओढायचं, वर आला की सोडायचं.

बंदरावर दगडी कठडा होता. जागा नसलेले लोक त्यावर बसायचे, कुणीतरी येणार नाही या आशेनं. आम्ही त्यांना ‘कावळे’ म्हणायचो. त्यांच्यात एक जयगडहून आलेला होता, पस्तिशीचा, काळा, लांब हातांचा, फारच कमी बोलणारा. सगळे त्याला जयगडवाला म्हणायचे. तो कठड्याच्या अगदी टोकाला बसायचा आणि कधी कुणाच्या खुंटीकडं बघायचा नाही. म्हणून मला तो जास्तच लबाड वाटायचा.

त्या वर्षी मे महिना संपत आला तशी मुंबईत तापाची साथ आल्याची बातमी आली. हा ताप परदेशातून जहाजावरून आला असं लोक बोलत होते. गिरण्यांतून माणसं पडली, चाळींतून पडली, आणि ज्याला चालता येत होतं त्यानं गावाची बोट पकडली. पाऊस लागला की बोटी बंद. म्हणून त्या शेवटच्या फेऱ्यांना ही गर्दी. आम्हाला काय, जेवढी माणसं तेवढं काम. मी एका गिरणीवाल्याला पाठंगुळीला घेतलं तेव्हा त्याचं अंग माझ्या बंडीतून चटके देत होतं. सारा वेळ तो माझ्या मानेवर खोकत होता. वाळूवर उतरवला तर म्हणाला, “भाऊ, वायच पाणी.” मी त्याला आमच्या खोपीत नेऊन पाणी दिलं.

ही खोप म्हणजे बंदराच्या कडेला आमची वाट बघायची जागा. माडाच्या झापांची. बोट कधी वेळेवर यायची नाही, मग सगळा पडाव तिथं गच्च बसून असायचा. दर्याचा वारा वाळू उडवतो म्हणून पश्चिमेचं अंग झापांनी पक्कं बांधलेलं. कोपऱ्यात पाण्याचं पिंप, त्यात एकच करवंटी. सगळे तिनंच प्यायचे, आणि दुसऱ्याच्या तोंडची करवंटी धुवायची म्हणजे त्याचा अपमान. गिरणीवाला त्याच करवंटीनं प्याला. मग मी प्यालो.

मला काही झालं नाही. का झालं नाही ते मला आजही माहीत नाही.

पहिला पडला तो आमच्यातला सगळ्यांत विनोदी माणूस, उजव्या अंगाचा तिसरा. तो घरी राहिला. दुसऱ्या दिवशी कठड्यावरचा एकजण आला, कडं कापलं, बसला. तिसऱ्याला हे घरी कळलं तसा तो उठून बंदरावर आला. बायको मागून पदर खोचून धावत होती. तांडेलाजवळ येऊन म्हणाला, “चाचा, हा बघा मी आलो. माझी तब्येत ठणठणीत.” हे बोलता बोलता वाळूवर बसला. त्याही स्थितीत तो म्हणाला, “बसलो नाय हां, वाळू बघतोय गरम हाय का.” आम्ही हसलो. आठवडाही गेला नाही, त्याला खांद्यावरून नेला.

तांडेलाबद्दल सांगतो. तो मिरकरवाड्याचा म्हातारा मुसलमान, पांढरी दाढी, पडाव त्याच्या घरचा. आम्ही हिंदू-मुसलमान सगळेच त्याला चाचा म्हणायचो. माणूस कडक, पण वाकडा नव्हता. तिसऱ्याच्या घरी तांदूळ त्यानंच पोचवले. पण रिवाज तो रिवाज. सुकाणूवर बसायचा तेव्हा तो कुणाचा चाचा नसायचा.

तिसरा गेल्यापासून घरी कुणी राहीना. ताप आला तरी माणूस बंदरावर यायचा, खोपीत जुन्या शिडाखाली पडून राहायचा, भोंगा झाला की उठून वल्ह्यावर जायचा. शिडाखाली पाच पाच जण. जो आज बरा तो उद्या तिथंच. बाहेरून बघितलं तर वाटावं, मासळी वाळत घातली आहे. आणि पडाव वाकडा चालायचा, कारण डाव्या अंगाला जोर आणि उजव्या अंगाला ताप.

गेल्या साथीत माझा नातू लोट्याला एका कारखान्यात पाळीवर जायचा. ताप अंगावर घेऊन कंपनीच्या बसमध्ये बसला. मी म्हटलं, घरी राहा. म्हणाला, “आजोबा, तुम्हाला नाही कळायचं, माझ्या जागेवर दुसरा उभा करतील.” मला नाही कळायचं! त्याला त्या दिवशी मी हीच गोष्ट सांगितली, आणि सांगून झाल्यावर कागदावर घ्यावीशी वाटली.

मग दादाला ताप आला.

दादाची छाती आधीच कमजोर. लहानपणी त्याला माकडखोकला झाला होता, त्यानंतर थंडी-वाऱ्यात तो शिट्टी वाजल्यासारखा श्वास घ्यायचा. पहिल्या दिवशी त्यानं ताप लपवला. पण मी त्याच्या मागं बसायचो. तीळ वेळेवर खाली जाईना. बोटीपर्यंत पोचायच्या आत तो काठावरून दोनदा ओकला आणि दोन्ही वेळा तोंड पुसून म्हणाला, “काल बोंबील जास्त झाले.”

मी त्याला सरकारी दवाखान्यात नेला. बाहेर पायरीपर्यंत माणसं. डॉक्टर स्वतः तोंडाला रुमाल बांधून होता आणि त्याचे डोळे लाल होते. त्यानं दादाच्या छातीला नळी लावली, म्हणाला, “फुप्फुसात गेलं तर जड जाईल. अंथरूण सोडायचं नाही. खोलीत वारा खेळू दे. पेज पाजा. आणि याला वल्हं मारायला लावलंत तर परत माझ्याकडं आणू नका, तिकडंच न्या.” तिकडं म्हणजे कुठं ते त्यानं सांगितलं नाही, हातानं दाखवलं.

बाहेर आल्यावर दादा म्हणाला, “डॉक्टरची खुर्ची कोण कापून नेत नाय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी घरात तमाशा झाला. दादा उठायला लागला तर वहिनी चुलीजवळून म्हणाली, “उठा की. कोण नको म्हणतंय?”

“माझी बंडी कुठं हाय?”

“घंगाळात.”

“दुसरी?”

“तीपण घंगाळात. चड्डीपण. नेसायचं धोतर, मुंडासं, सगळं भिजत घातलंय. साथ हाय ना, उकळून धुवा म्हणतात.”

दादा घोंगडी गुंडाळून बसला होता. त्यानं घंगाळाकडं बघितलं, वहिनीकडं बघितलं. “मी घोंगडी नेसून जाईन.”

“जावा. शिमगा होऊन गेला, पण बंदरावरच्या लोकांना सोंग बघायला कधीपण आवडतंच.”

मला हसू फुटलं. दादा माझ्यावर घसरला, “दात काय काढतोस? बापाची जागा जाईल ती तुझ्या डोळ्यांसमोर जाईल.” एवढं बोलायला त्याला तीनदा थांबावं लागलं. मग तो पडला, भिंतीकडं तोंड करून. वहिनी हसत नव्हती. चुलीत फुंकर घालायच्या निमित्तानं ती डोळे पुसत होती, ते मला दिसलं.

“भावजी,” ती हळू म्हणाली, “जागा राहिली आणि हे गेले, तर त्या जागेवर मी बसू काय?”

मी बंडी चढवून बाहेर पडलो. बंदराच्या वाटेवर मात्र माझं ठरलं होतं. काय ठरलं होतं ते नीट माहीत नव्हतं, पण ठरलं होतं. माझं असंच होतं.

बोट त्या दिवशी दुपार कलल्यावर आली. भोंगा झाला. खोपीतून माणसं शिडाखालून निघाली, एकमेकांना धरून. चाचा सुकाणूवर बसला होता, खांद्यावरची शाल त्या उन्हातसुद्धा घट्ट ओढलेली.

“तुझा भाव कुठं?”

“ताप हाय. डॉक्टरनं पडून राहायला सांगितलंय.”

“सगळ्यांनाच ताप हाय.” चाचानं कठड्याकडं हात केला. “जयगडवाल्या, ये.”

जयगडवाला उठला. मी त्याच्याकडं असं बघितलं की दुसरा कुणी असता तर परत बसला असता. तो आला, पडावात चढला. चाचानं कमरेची सुरी काढून त्याला दिली.

मी म्हणालो, “चाचा, ते कडं कापायचं तर माझंपण कापा. मी उतरतो.”

“तुला ताप हाय?”

“नाय.”

“मग काय झालंय?”

“दादा बरा होईपर्यंत त्याची जागा राहणार असंल तर मी बसतो. नायतर माझी पण नको.”

मला वाटलं होतं, आता दुसरा उठेल, मग तिसरा. कुणी उठलं नाही. माझ्या मागचा तर म्हणाला, “अरे बस ना मेल्या, बोट उभी हाय. भाषण संध्याकाळी कर.” आणि कठड्यावरून एकजण ओरडला, “उतर, उतर! एकाच्या दोन झाल्या!”

चाचा म्हणाला, “उतर मग.”

मी उतरलो. गुडघाभर पाण्यात उभा राहिलो. उतरताना ज्या ताठ्यानं उतरलो तो पाणी लागल्यावर थोडा कमी झाला, पण मागं फिरणं माझ्या रक्तात नाही. चाचा जयगडवाल्याला म्हणाला, “काप.” तेवढ्यात बोटीनं दुसरा भोंगा दिला, लांबडा. जयगडवाल्यानं सुरी कनवटीला खोचली आणि वल्हं उचललं. “आधी बोट गाठू,” एवढंच म्हणाला.

पडाव गेला. माझी खुंटी रिकामी, त्यामुळे तो आणखी वाकडा चालला होता. मी दिसेनासा होईपर्यंत बघत होतो.

घरी आलो तर वहिनीनं माझ्या ओल्या पायांकडं बघितलं आणि तिला कळलं. “एकाची जागा जाणार होती,” ती म्हणाली, “तुमी दोघांची घालवून आलात. शाबास. आता दोघंपण घोंगडी नेसून बसा.”

दादा भिंतीकडं तोंड करूनच होता. त्यानं ऐकलं होतं. मला वाटलं शिव्या घालेल. तो म्हणाला, “बापाचं कडं आण. कापलेलं असलं तरी आण. फेकतात ते दर्यात.” त्याच्या छातीत शिट्टी वाजत होती. मी खिडकीचं झाप काढलं, मागच्या दाराचं काढलं, वारा आत घेतला. वहिनी पेज चमच्यानं भरवत होती. तो दोन घोट घ्यायचा, दोन ओघळू द्यायचा. दुपार सरता सरत नव्हती. बाप गेला तेव्हासुद्धा मी एवढा घाबरलो नव्हतो. बाप म्हातारा होता.

उन्हं उतरली तेव्हा अंगणात कुणी खाकरलं. जयगडवाला. तो आत आला नाही, उंबऱ्याबाहेर उकिडवा बसला. मला वाटलं, हा आता जागा घेतल्याचं सांगायला आला असेल, म्हणून मी उभाच राहिलो.

“कडं आणलंस?” मी विचारलं. “फेकलं असशील तर सांग.”

“कशाला आणू? खुंटीवर हाय.”

“कुणाचं?”

“तुज्या भावाचं. आनि तुजंपण.” त्यानं कनवटीची सुरी काढून उंबऱ्यावर ठेवली. “मी कापलं नाय. त्याच्याच कड्यात वल्हं मारलं. सैल होतं, बघ.” त्यानं हात पुढं केले. दादाच्या मापाचं कडं याच्या लांब हाताला जुळलं नव्हतं. वल्हं प्रत्येक वेळी निसटून तळवे सोलून निघाले होते.

दादानं आतून विचारलं, “कोण हाय?”

“कावळा,” जयगडवाला म्हणाला.

मग तो जेवढं बोलला तेवढं मी त्याला आधी कधी बोलताना ऐकलं नव्हतं. जयगडच्या खाडीत त्याचं स्वतःचं वल्हं होतं. हिवतापात पडला, उठला, खाडीवर गेला, तर खुंटीवर दुसऱ्याचं कडं. “ज्यानं कापलं त्याच्या लग्नात मी नाचलो होतो,” तो म्हणाला. “त्याचा राग नाय आला. त्यालापण पोट हाय. पण तेव्हाच बोललो, भुकेनं मरेन पण पडलेल्याचं कडं कापणार नाय. म्हणून तर कठड्याच्या टोकाला बसतो. तिसऱ्याच्या टायमाला चाचानं आधी मलाच बोलावलं होतं. मी ऐकू आलं नाय असं केलं. तर दुसऱ्यानं कापलंच, म्हणून आज उठलो.”

वहिनीनं खोबरेल तेलाची वाटी त्याच्यापुढं ठेवली.

“चाचा काय बोलला?” मी विचारलं.

“चाचा काय बोलतोय! येताना सुकाणू दोनदा सुटलं त्याच्या हातातनं. वाळूवर दोघांनी धरून उतरवला.”

मी सुरी उचलली. ती चाचाची, परत द्यायला पाहिजेच होती. आम्ही दोघे तसेच मिरकरवाड्यात गेलो. चाचा ओटीवर बाजेवर पडला होता, अंगावर शाल, वर गोधडी, तरी दात वाजत होते. त्याची म्हातारी पायथ्याशी बसून तळवे चोळत होती. आम्हाला बघून त्यानं पहिलं काय विचारलं? “उद्या सुकाणू कोण धरणार?”

आता हेही सांगायला पाहिजे, सुकाणूलाही दोर असतो, आणि त्याचाही तोच रिवाज. धरणारा बदलला की दोर बदलतो, दोर बदलला की तांडेल बदलतो. पडाव त्याच्या घरचा असला तरी तांडेलकी घरची नसते. चाचाचे डोळे माझ्या हातातल्या सुरीवर होते. म्हातारा घाबरला होता. मी त्याला घाबरलेला कधी बघितला नव्हता, आणि मला ते बघवेना. सुरी मी मुठीकडून पुढं करून बाजेवर ठेवली.

जयगडवाला म्हणाला, “धरंल कुणीपण, चाचा. दोर तुमचाच ऱ्हाईल. आज मी तसंच केलं. पडाव काय बुडाला नाय.”

“कापलं नायस?”

“नाय.”

“मी सांगितलं असून?”

“तुमी सांगितलंत, भोंगा झाला, ऱ्हाऊन गेलं.”

चाचाची म्हातारी मध्येच बोलली, “बरं झालं ऱ्हाऊन गेलं. त्या तिसऱ्याची बायको परवा पाणवठ्यावर भेटली. माझ्याकडं बघितलंन पण नाय. चाळीस वर्सं तुमची बायको म्हणून लोक मला सलाम करतात. आता मी कुठल्या तोंडानं पाणी भरू?”

चाचा खोकला, खोकता खोकता हसला. “सगळे मलाच शिकवायला बसलेत. हा जयगडचा, ही घरची.” माझ्याकडं वळला. “आनि हा बापाचा बेटा, पाण्यात उभा राहून भाषण करणारा. बाप पण असाच होता तुझा. एकदा मी त्याला बोललो, शीड उतरव. दोन दिवस माझ्याशी बोलला नाय, पण शीड उतरवलं नाय.”

“मग बुडालात?” मी विचारलं.

“नाय. तेच तर वाईट.”

मग त्यानं सांगून टाकलं. साथ असेपर्यंत कुणाचं कडं कापायचं नाही. ज्याला ताप तो घरी. कठड्यावरचे लोक पडलेल्याच्या कड्यात वल्हं मारतील, जो जेवढं मारेल तेवढं त्याचं, आणि माणूस उठून आला की वल्हं त्याच्या हातात. सुकाणू सगळ्यांत जुन्या वल्हेकऱ्यानं धरायचं, दोर न बदलता. “आनि हा?” मी जयगडवाल्याकडं बोट केलं. चाचा म्हणाला, “पुढच्या टोकाला, नाळेजवळ, एक खुंटी बसते अजून. जागा आखूड हाय, पण याचे हात लांब हायत.”

त्या शेवटच्या फेऱ्या आम्ही तशाच काढल्या. खोपीचं पश्चिमेचं अंग आम्ही सोडून टाकलं. वाळू डोळ्यांत जायची, त्यावरून रोज शिव्या, पण शिडाखाली कुणी झोपलेला नसायचा. वहिनीनं बंदरावर येऊन पिंप घासलं आणि बजावून गेली की ज्याची त्याची करवंटी. मग आढ्याला करवंट्यांची रांग लटकली, कुणाला खूण सुरीची, कुणाला डांबराची. पाहुणा आला तर त्याला वेगळी. आधी लोक हसले, “हे काय, वाण्याचं दुकान?” पण साथ गेली तरी करवंट्या तशाच राहिल्या, आणि कडं न कापायचा नियमही राहिला, पडाव बंद होईपर्यंत. आमच्यातला आणखी कुणी गेला नाही. चाचा पुढं कितीतरी वर्षं सुकाणूवर बसला. आम्हाला कुणी शिकवायला आलं नव्हतं, कुणी वरून हुकूम दिला नव्हता. आमचं आम्ही केलं, हे मी कुणालाही तोंडावर सांगेन.

पण त्या संध्याकाळी हे पुढचं काही माहीत नव्हतं. मिरकरवाड्यातून परतताना जयगडवाला माझ्याबरोबर निम्म्या वाटेपर्यंत आला. खुंटी मिळाली तरी माणूस खूश दिसेना. मी विचारलं तर म्हणाला, “खुंटी मिळाली. कडं कोण वळून देणार? स्वतःचं स्वतः वळत नाय, आनि माझं इथं कोण हाय?”

घरी आलो. दादाला मी एवढंच सांगितलं, “खुंटीवर तुझंच हाय. कुणी कापणार नाय.” त्यानं पहिल्यांदा भिंतीकडची कूस बदलली. रात्री कधीतरी त्याला दरदरून घाम फुटला, वहिनीनं पुसून काढलं, आणि ती शिट्टी हळूहळू उतरत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी परड्यात भिजत पडलेला काथ्या काढला, दगडावर ठेचला, आणि पायरीवर बसून जयगडवाल्याच्या हाताच्या अंदाजानं कडं वळायला घेतलं. तीन पेड घातले, टोक आत दडवलं, आणि अभिमानानं आत दादाला दाखवायला नेलं. त्यानं अंथरुणावरूनच ते दोन्ही अंगठ्यांनी ताणून बघितलं, पीळ सैल आहे म्हणाला, आणि सगळं उसवून माझ्या मांडीवर टाकलं. मी परत पायरीवर जाऊन बसलो आणि पहिल्यापासून वळलं.